आवडीचं गाणं वेगळं, सिनेमातलं संगीत वेगळं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कॉलेजातल्या काही जणांनी मिळून महिन्याला एक सिनेमा दाखवायचं ठरवलंय, सुरुवात गाण्या-संगीताच्या सिनेमांनी करायची आहे, तर माझ्या आवडीचे सिनेमे, म्युझिकल आणि साउंडट्रॅक कोणते ते सांगा. पुढं जाता जाता दोन वाक्यं आहेत. एक मित्र म्हणतो, गाण्यांमुळं आपल्या सिनेमाची गोष्ट मागं पडते. आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ लावला, तर बाई डोंगरावर गायला लागताच निम्मी खोली हसली. माझ्या मते खरी अडचण या दोन वाक्यांत आहे. यादी कुणीही देईल. सिनेमातलं संगीत चांगलं आहे की नुसतं गाणं चांगलं आहे, हे ओळखायचं कसं, हे तुम्हाला हवंय.

मी सिनेमाच्या धंद्यातला माणूस नाही. परभणीत हौशी नाटकांचं पार्श्वसंगीत करतो. राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याणच्या स्पर्धा, युवक महोत्सवातल्या एकांकिका. स्पूलच्या टेपवर शिकलो, मग कॅसेट आली, आता लॅपटॉप. विंगेत बसून दुसऱ्याच्या नाटकात आवाज सोडायचा आणि वेळेवर काढून घ्यायचा, एवढंच काम. त्यामुळं माझं मत रसिकाचं कमी आणि कारागिराचं जास्त आहे, ते तसंच धरा.

पहिली गोष्ट म्हणजे दोन याद्या करा. एक आवडत्या गाण्यांची. तिच्यात कुणाशी वाद घालायचा नाही, कारण गाणं कोणत्या वयात, कुणाच्या घरच्या रेडिओवर कानावर पडलं यावर ती आवड ठरते. माझ्या या यादीत ‘सर्जा’मधलं (१९८७) ‘चिंब पावसानं’ अगदी वर आहे. ना. धों. महानोरांचे शब्द आहेत, आणि आमच्याकडं पावसाची वाट बघण्यात निम्मं आयुष्य जातं, मग ते गाणं वर असणारच. पण सिनेमातल्या संगीतासाठी मी ‘सर्जा’ दाखवीन का? नाही. ती दुसरी यादी. तिच्यात जायचं तर गाण्याला परीक्षा द्यावी लागते.

परीक्षा सोपी आहे. गाणं किंवा पार्श्वसंगीत मनातल्या मनात काढून टाका आणि काय बिघडलं ते बघा. काहीच बिघडलं नाही तर तो दागिना होता. दागिना असायला हरकत नाही, पण त्याला संगीत-दिग्दर्शन म्हणू नका. थोडी माहिती गेली, म्हणजे दोघं कधी प्रेमात पडले ते कळेना, तर गाण्यानं निदान काम केलं होतं. आणि प्रसंगच कोसळला, तर तिथं कुणीतरी डोकं लावून संगीत केलंय. तुमच्या मित्राचं म्हणणं पहिल्या प्रकाराला लागू आहे, सगळ्या गाण्यांना नाही. बी. आर. चोप्रांनी १९६० साली ‘कानून’ एकाही गाण्याविना काढला, सिनेमा खणखणीत आहे. त्यावरून गाण्यांशिवाय चालतं एवढंच सिद्ध होतं, गाण्यांमुळं बिघडतं असं नव्हे.

आता उदाहरणं. माझ्या दुसऱ्या यादीत सगळ्यात वर प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आहे, तो भक्तिपट म्हणून नाही. सुरुवातीलाच तुकारामांचं काम करणारे विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात, साधा, स्वतःशीच, ऐकणाऱ्याची पर्वा नसलेला. तोच अभंग मग तुकारामांचा हेवा करणारा सालोमालो स्वतःचा म्हणून लोकांपुढं म्हणतो. शब्द तेच. पण गळ्याचे नखरे आले, समोरच्याकडं बघून घेतलेल्या ताना आल्या, आणि हा माणूस कसा आहे ते कळून चुकलं. संवाद लिहून हे सांगायला पाच पानं लागली असती. केशवराव भोळ्यांचं संगीत असं माणसं उभी करतं. याच सिनेमातलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी लिहिलं, आणि ते इतकं जमून गेलं की लोक त्याला तुकोबांचाच अभंग समजत आले. यात शब्दांइतकाच चालीचा वाटा आहे, असं मला वाटतं.

हीच युक्ती तीस वर्षांनी संगीत नाटकात दिसते. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात जितेंद्र अभिषेकींनी ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन वेगळ्या चालींत बांधलं, दोन घराण्यांची गायकी समोरासमोर ठेवायला. भांडण कशावरून आहे ते ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगायची गरजच उरत नाही. २०१५ च्या सिनेमात शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी घातली, त्यातली कव्वाली मला मनापासून आवडते. आमच्या खुलदाबादच्या उरुसात वाढलेल्या कानाला ती परकी वाटतच नाही. तरी दुसऱ्या यादीत मी नाटकच वर ठेवतो. सिनेमात गाणी देखणी झाली, पण नाटकात गाणं हेच भांडण होतं. कुणाला हे पटणार नाही. याच सिनेमातल्या ‘अरुणि किरणी’साठी गायक महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय आणि तो योग्यच होता.

‘जैत रे जैत’ (१९७७) घेतल्याशिवाय मराठवाड्यातल्या माणसाला पुढं जाता येत नाही. गोष्ट सह्याद्रीतल्या ठाकरांची, कादंबरी गो. नी. दांडेकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आणि गाणी अजिंठ्याच्या डोंगराजवळच्या पळसखेड्याच्या शेतकऱ्याची, म्हणजे महानोरांची. ठाकरांची गाणी लिहायला आपला रानातला माणूस गेला याचा अभिमान आहेच, पण मला त्यातली बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. सिनेमाचा नायक नाग्या ढोल वाजवणारा आहे. म्हणजे ताल बाहेरून आणून लावलेला नाही, तो त्या माणसाच्या हातातच आहे. ‘आम्ही ठाकर ठाकर’ ही एका जमातीनं स्वतःची करून दिलेली ओळख आहे. नाग्या आणि चिंधीचं जमतं ते गाण्यांमधून; गाणी काढली तर त्यांच्या प्रेमाला सिनेमात जागाच राहत नाही. डोंगर, मधमाश्या, रात्र, सगळं गाण्यांतून पुढं सरकतं. माझी एक तक्रार आहे, तीही सांगतो. काही गाणी स्टुडिओत इतकी गोड आणि स्वच्छ झाली आहेत की तेवढ्यापुरता डोंगर नाहीसा होतो. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील समोर घामेजलेले, आणि आवाज मात्र एकदम इस्त्रीचा. मी असतो तर थोडी धूळ राहू दिली असती. पण हे मोठ्यांच्या कामात नाक खुपसणं झालं.

आता पार्श्वसंगीताकडं येतो. तुम्ही विचारलं त्यात मला सगळ्यात जास्त बोलता येईल असं हेच आहे.

नवा दिग्दर्शक तालमीला हमखास म्हणतो, ‘इथं बाई रडते, इथं बासरी टाका.’ मी विचारतो, बाई बरी रडते का? बरी रडत असेल तर बासरी कशाला? लोकांनी तिचं रडणं बघायचं का बासरीचं ऐकायचं? आणि रडणं जमत नसेल तर बासरीनं ते झाकत नाही, जास्तच उघडं पडतं. टीव्हीवरच्या मालिकांत दर वाक्यामागं व्हायोलिन घासतात, त्यानं कान मेले आहेत आपले. कुठं घाबरायचं, कुठं गहिवरायचं, सगळं आधीच ठरवून दिलेलं.

याच्या बरोबर उलटं काम बघायचं तर ‘पथेर पांचाली’ (१९५५). बाप हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो, आणलेल्या वस्तू काढून दाखवतो, त्यात मुलीसाठी आणलेली साडी असते. मुलगी गेली हे त्याला माहीत नाही. आई सर्वजया कोसळते, तोंड उघडतं, आणि तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई या गजानं वाजवायच्या तंतुवाद्यावर पटदीप राग येतो. रविशंकरांनी या सिनेमाचं संगीत एका बैठकीत, रात्रभरात उरकलं होतं. इथं वाद्य रडण्याच्या जोडीला आलेलं नाही. रडणं काढून घेतलं आणि त्या रिकाम्या जागेवर वाद्य बसवलं. हा फरक कळला की निम्मं पार्श्वसंगीत कळलं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरांना मी हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवतो, मग नुसता ऐकवतो, मग दोन्ही मिळून. तुम्हीही तसंच करा, एखादा प्रसंग निवडून. दीड तासाच्या भाषणापेक्षा जास्त कळतं.

दुसरी गोष्ट, संगीत कुठून येतंय ते बघा. पडद्याच्या आतून की बाहेरून? व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’त (१९३७) बाहेरून सोडलेलं पार्श्वसंगीत नाही; घरातले, रस्त्यातले आवाज आणि गाण्यांना समोर दिसणाऱ्या वस्तूंची साथ. १९३७ साली हे सुचणं म्हणजे कमाल आहे. आणि आपल्या काळातला ‘फँड्री’ घ्या. डुकराच्या मागं सगळं कुटुंब धावतंय, डुक्कर आता हाती लागणार, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर चाललं. ते राष्ट्रगीत कुणी संगीतकारानं तिथं घातलेलं नाही, शाळेचा तो रोजचा आवाज आहे. पण अख्ख्या सिनेमातला सगळ्यात धारदार संगीताचा तुकडा माझ्या लेखी तोच. जत्रेच्या मिरवणुकीत नाचणारा त्या घरचा मुलगा जब्या आणि थोड्या वेळानं डोक्यावर बत्ती घेऊन उभा केलेला जब्या, वाजतंय तेच. काय बदललं ते आपल्याला कुणी सांगत नाही.

मग ‘सैराट’ (२०१६). अजय-अतुलनी त्याचं सिम्फनी वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग अमेरिकेत लॉस एंजेलिसला केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. ‘झिंगाट’वर नाचली नाही अशी वरात आमच्या जिल्ह्यात नसेल. मी मात्र त्या सिनेमाच्या संगीतातली हुशारी उत्तरार्धात बघतो. दोघं हैदराबादला पळतात आणि गाणी संपतात. नांदेड-परभणीच्या किती पोरांनी हैदराबादची गाडी अशीच पकडलेली असते, त्यांना माहीत आहे की तिथं पोचल्यावर मागं व्हायोलिन वाजत नाही. पूर्वार्धात एवढा मोठा वाद्यवृंद वाजवून घेतला म्हणूनच उत्तरार्धातलं कोरडेपण जाणवतं. आणि शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. आवाज सोडणं शिकवता येतं, काढणं फार अवघड. हात फेडरवरून, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवरून, हलत नाही, वाटतं अजून थोडं राहू दे. नागराज मंजुळे आणि अजय-अतुलनी तो मोह आवरला. तुमच्या खेळात तो शेवट येईल तेव्हा कुणाला दिवे लावू देऊ नका, एवढं करा.

राहिलं म्युझिकल. खोली का हसली? मला वाटतं, माणूस बोलता बोलता गातो याचं आपल्याला वावडं नाहीच. कीर्तनात बुवा निरूपण करता करता अभंगावर जातात, टाळकरी उचलून धरतात, परत बोलणं सुरू. पैठणच्या नाथांची भारुडं तशीच. तुळजापूरकडचे गोंधळी संबळावर अख्खी कथा लावतात आणि मध्येच बोलायला लागतात, कुणी हसत नाही. बुवा कधी गाणार याचा अंदाज आपल्याला असतो, परदेशी सिनेमात तो नसतो. रीत माहीत नसली की हसू येतं, बाकी काही नाही. त्यामुळं सिनेमा लावायच्या आधी पाच मिनिटं बोला. ‘द साउंड ऑफ म्युझिक’मध्ये (१९६५) सांगा की या घरात बाप मुलांना शिट्टी वाजवून बोलावतो, प्रत्येकाची शिट्टी वेगळी. गाणं त्या शिट्टीच्या विरुद्ध उभं आहे. हे कळलं की मुलांचं गाणं ऐकून बाप स्वतः गायला लागतो तो प्रसंग कुणी हसण्यावारी नेत नाही.

‘माय फेअर लेडी’ (१९६४) दाखवायचा तर आपल्याकडं तयार जोड आहे. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावरून तो झाला त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं. इंग्रजीत गाण्यांनी केलेलं काम मराठीत फुलराणीच्या त्या प्रसिद्ध स्वगतानं केलंय, ज्यावर आजही एकपात्री स्पर्धांत निम्म्या मुली उभ्या राहतात. दोन्ही शेजारी ठेवून बघा. गंमत म्हणून हेही सांगा की ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेनं गायली, आणि रेक्स हॅरिसननं मात्र आपली गाणी चित्रीकरण चालू असतानाच, कपड्यांत माइक लपवून, अर्धी बोलत अर्धी गात रेकॉर्ड केली. पार्श्वगायन म्हणजे फक्त आपलीच भानगड, असं म्हणणारे गप्प होतात.

माझं सगळ्यात आवडतं परदेशी म्युझिकल मात्र फ्रेंच आहे, जाक देमीचं ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेर्बुर्ग’ (१९६४), संगीत मिशेल लग्रांचं. त्यात एकही वाक्य नुसतं बोललेलं नाही. गॅरेजमधलं, दुकानातलं, पेट्रोल पंपावरचं साधं बोलणंसुद्धा गाऊन. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटतं. मग कान ते विसरतो, आणि शेवटी दोघं भेटून अगदी किरकोळ बोलतात तेव्हा त्याच चालीमुळं घशात येतं. नाट्यसंगीत ज्याला आवडतं त्यानं हा सिनेमा चुकवू नये.

नुसत्या साउंडट्रॅकसाठी एकच नाव: ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८). एन्निओ मोरिकोनेनी त्याच्या मुख्य धून चित्रीकरणाआधीच केल्या होत्या आणि सर्जिओ लेओने त्या सेटवर वाजवून नटांना चालवायचा. पण सुरुवातीच्या स्टेशनच्या प्रसंगात धून नाहीच. पवनचक्कीचं करकरणं, टोपीवर पडणारं पाणी, माशी. दुपारी पूर्णा-परळीच्या बाजूच्या एखाद्या लहान स्टेशनावर गाडीची वाट बघितलेल्या माणसाला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

दाखवण्याविषयी दोन शब्द, कारण तुम्ही पत्र्याच्या हॉलचा उल्लेख केलाय. वरातीत नेतात तो बासवाला मोठा स्पीकर आणू नका. धडधड येते आणि शब्द जातात. दोन मध्यम स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर ठेवा. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगा, घुमणं बरंच कमी होतं. आणि मोबाइलवर ऐकून कुठल्याही साउंडट्रॅकविषयी मत बनवू नका, खालच्या सुरांचा बराचसा आवाज त्यात येतच नाही.

क्रम विचाराल तर मी असा लावीन: आधी ‘जैत रे जैत’, कारण गाण्यांसाठी येणारे येतील आणि मित्रालाही उत्तर मिळेल. दुसऱ्या महिन्यात ‘संत तुकाराम’, तिसऱ्यात ‘फँड्री’. त्यानंतर ‘द साउंड ऑफ म्युझिक’ परत लावा, शिट्टीचं सांगून. ‘पथेर पांचाली’ पावसाळा सोडून ठेवा, पत्र्यावर पाऊस वाजला तर तारशहनाई ऐकू येणार नाही. शेर्बुर्ग मात्र सहा महिने तरी लावू नका. त्याची मराठी उपशीर्षकं मिळत नाहीत असं गृहीत धरून, कुणीतरी आधी बघून कथा लिहून काढा आणि झेरॉक्स वाटा.